चढत्या उन्हात पिकणारे द्राक्ष: मराठवाड्यात वाइनचा वाण कसा निवडावा

14व्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा येथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात व ती वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात करून ठेवली. त्याला ज्या गोष्टीचे नवल वाटले, तीच गोष्ट आजही जालन्याच्या कडवंचीपासून तुळजापूर आणि औशापर्यंतच्या प्रत्येक बागायतदाराच्या कामाचे वेळापत्रक ठरवते. युरोपातील वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडील वेल झोपतच नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी घेऊन काडी तयार करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी घेऊन घड काढतो, आणि दोन छाटण्यांत एकच पीक घेतो.

हा फरक लक्षात घेतल्याशिवाय जगातील नामांकित वाइन प्रदेशांची आणि त्यांच्या वाणांची यादी वाचली, तर ती आपल्याला हमखास चुकीच्या वाणाकडे नेते. फ्रान्समध्ये एखाद्या वाणाने नाव कमावले, यावरून तो वाण नळदुर्गच्या माळावर चालेल की नाही, हे ठरत नाही. तो वाण तिथे का चालला, हे समजले तर मात्र निर्णय घेता येतो. खाण्याच्या द्राक्षाकडून वाइनच्या द्राक्षाकडे वळू पाहणाऱ्या शेतकऱ्याने कोणत्या क्रमाने विचार करावा, हे मी माझ्या अनुभवावरून येथे मांडत आहे.

आधी खरेदीदार, मग वाण

थॉमसन किंवा सोनाका या खाण्याच्या द्राक्षांचा भाव पडला तर आपण माल बेदाण्याला लावतो. वाइनच्या द्राक्षाला ही पळवाट नाही. त्याचा मणी लहान, साल जाड आणि आत बी असते. बाजारात त्याला कोणी हात लावत नाही आणि त्याचा विकाऊ बेदाणाही होत नाही. 2001 साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. त्या उत्साहात पुष्कळ लागवड झाली, परंतु 2008नंतरच्या मंदीत माल उचलला न गेल्यामुळे अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. आमच्या शिवारातही एका शेतकऱ्याने कॅबरने सॉव्हिन्यॉंची दीड एकर बाग चौथ्या वर्षी कुऱ्हाडीने तोडली. त्या बागेत काहीही दोष नव्हता, तिच्या मालाला फक्त गिऱ्हाईक नव्हते.

त्यामुळे रोप आणण्यापूर्वी वाइनरीशी लेखी करार करावा. त्यात वाण, एकरी उत्पादनाची मर्यादा, किमान साखर, दर, दर कोणत्या ब्रिक्सला (रसातील साखरेच्या प्रमाणाला) बदलतो, वाहतूक कोणाची आणि पैसे किती दिवसांत, हे सर्व नोंदवलेले असावे. करार किती वर्षांचा आहे, हे विशेष पाहावे. द्राक्षाची बाग पंधरा वर्षे उभी राहते. तिच्यासाठी एका हंगामाचा करार पुरेसा नाही. स्वतः वाइन तयार करण्याचा विचार असेल, तर त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि तो संपूर्णपणे वेगळा व्यवसाय आहे.

उन्हाचा हिशेब

कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲमरिन आणि विंकलर या दोन अभ्यासकांनी 1944 साली द्राक्षप्रदेश मोजण्याची एक सोपी रीत मांडली. वेलीची वाढ साधारण 10 अंश सेल्सिअसच्या वर सुरू होते. म्हणून रोजच्या सरासरी तापमानातून 10 वजा करावेत आणि हंगामातील सर्व दिवसांची बेरीज करावी. ही बेरीज 1,389 पर्यंत असेल तर प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत थंड गटात बसतो. 1,667, 1,944 आणि 2,222 या पुढच्या गटांच्या सीमा आहेत, आणि त्याहून अधिक बेरीज झाली तर तो पाचवा, अतिउष्ण गट होतो.

हा हिशेब आपल्या शेतासाठी करून पाहावा. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंतचे 150 दिवस धरले, कमाल तापमानाची सरासरी 31 आणि किमान तापमानाची 15 आली, तर दिवसाची सरासरी 23 होते. 10 वजा जाता 13 उरतात आणि 150 दिवसांचे 1,950 होतात. म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हामुळे मराठवाडा कितीही तापट वाटला, तरी द्राक्षाच्या हंगामात तो तिसऱ्या आणि चौथ्या गटाच्या सीमेवर येतो. मूळ पद्धत सात महिन्यांच्या हंगामासाठी आहे, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. परंतु आपला प्रदेश वाइनसाठी मुळातच अशक्य आहे, हा समज तिने दूर होतो.

खरी अडचण या बेरजेत दिसत नाही. ती उन्हाच्या दिशेत आहे. फ्रान्समधील बोर्दोमध्ये मण्यात पाणी उतरते, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागतो, ऑगस्टमध्ये आणि काढणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तेथील द्राक्ष उतरत्या उन्हात पिकते. दिवसेंदिवस हवा थंड होत जाते आणि मण्यातील आम्ल टिकून राहते. आपल्याकडे मण्यात पाणी उतरते जानेवारीत आणि काढणी होते फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे आपले द्राक्ष चढत्या उन्हात पिकते. रात्रीचा गारवा कमी होऊ लागतो, दुपार 35 अंशांपुढे जाते आणि मण्यातील मॅलिक आम्ल झपाट्याने खर्च होते. साखर वेळेआधी भरते, साल आणि बी मात्र कच्चेच राहतात. अशा द्राक्षाची वाइन सपक आणि जड होते. म्हणून मराठवाड्यासाठी वाण निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: तो लवकर पिकतो का, उष्णतेत आम्ल धरून ठेवतो का, आणि त्याची साल उन्हाला टिकते का.

जगातील प्रदेश या तीन कसोट्यांवर

बर्गंडीचे पिनो न्वार, जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवरचे रीसलिंग आणि शॅम्पेनमधील खडूच्या जमिनीवरची द्राक्षे जगात नावाजलेली आहेत, पण ती थंड हवेची अपत्ये आहेत. पिनो न्वारची साल पातळ आणि घड घट्ट असतो. आपल्या उन्हात तो भाजतो आणि एखादा अवकाळी पाऊस आला की कुजतो. इटलीतील पिएमोंते प्रदेशात बारोलो वाइन ज्याच्यापासून होते, त्या नेब्बिओलोचाही मोह टाळावा. तो ऑक्टोबरच्या धुक्यापर्यंत वेलीवर राहणारा, फार उशिरा पिकणारा वाण आहे आणि आपल्याकडे त्याची काढणी ऐन उन्हाळ्यात जाईल.

पांढऱ्या वाणांत माझा पहिला कौल शेनिन ब्लांला आहे. तो मूळचा फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातला, आणि तेथे त्याच्या आंबटपणाचाच अधिक बोलबाला. हा आंबटपणा आपल्या उपयोगाचा आहे, कारण उष्णतेत थोडा कमी झाला तरी पुरेसा उरतो. दक्षिण आफ्रिकेच्या उष्ण, कोरड्या भागांत तो सर्वाधिक लावला जाणारा वाण झाला आणि नाशिकमध्येही याच कारणाने स्थिरावला. सॉव्हिन्यॉं ब्लांचे तसे नाही. न्यूझीलंडच्या मार्लबरोमध्ये 1970च्या दशकात त्याची लागवड सुरू झाली आणि थंड रात्रींमुळे त्याच्या हिरव्या, तीव्र सुगंधाने जगाचे लक्ष वेधले. तोच सुगंध उष्णतेत सर्वांत आधी उडतो. तरीही तो लवकर, सुमारे चार महिन्यांत तयार होतो, त्यामुळे जानेवारीअखेर काढणी साधत असेल तर त्याचा विचार करता येतो. र्‍होन खोऱ्यातील व्हिओन्ये सुगंधी आहे, पण त्याचे आम्ल मुळातच कमी असते. एकट्याने लावण्यापेक्षा वाइनरीने मागितला तरच लावावा.

लाल वाणांत सिराहचे स्थान वेगळे आहे. उत्तर र्‍होनमधील हर्मिटाजच्या ग्रॅनाइटच्या टेकडीवरचा हा वाण 19व्या शतकात ऑस्ट्रेलियात गेला, तेथे शिराझ झाला आणि बरोसा खोऱ्याच्या कडक उन्हात इतका रुजला की तेथे 1840च्या दशकातील वेली अजून फळ देत आहेत. महाराष्ट्रातही तो लाल वाणांत आघाडीवर आहे. पक्व झाल्यावर मात्र मणी लवकर सुकू लागतो. चार दिवसांची दिरंगाई वजनात दिसते, म्हणून काढणीची तारीख वाइनरीच्या सवडीवर सोडू नये.

कॅबरने सॉव्हिन्यॉं हा सर्वांना माहीत असलेला वाण. 1997 साली डीएनए तपासणीतून तो कॅबरने फ्रां आणि सॉव्हिन्यॉं ब्लां यांची संतती असल्याचे सिद्ध झाले. साल जाड, मणी बारका, आम्ल चांगले, असे त्याचे गुण आहेत. परंतु त्याला पाच महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. मराठवाड्यात त्याचा अखेरचा महिना मार्चच्या उन्हात सापडतो. स्पेनमधील रिओहाच्या तेम्प्रानियोचे नावच ‘लवकर’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे, आणि याच कारणाने तो मला आपल्या हवेला जवळचा वाटतो. इटलीच्या तोस्कानामधील संजोव्हेसे आपल्या शेजारी, सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात लावला गेला आहे. तो पाहायला जाण्यासाठी विमानाची गरज नाही. स्पेन आणि दक्षिण र्‍होनमधील ग्रेनाश दुष्काळ सोसतो, पण रंगाला फिका आणि साखरेला तेज असल्यामुळे वाइनरीची मागणी नसताना लावू नये.

माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी एकरभर सिराह किंवा शेनिन ब्लां लावावा आणि कडेला तेम्प्रानियोच्या दोन ओळी ठेवून तीन हंगाम नोंदी कराव्यात.

परतीचा पाऊस आणि छाटणीची तारीख

वाण ठरला की काढणीच्या तारखेवरून मागे मोजत यावे. सिराहला सुमारे 140 दिवस लागतात. 20 फेब्रुवारीच्या आत काढणी व्हावी असे वाटत असेल, तर गोडी छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी लागते. नेमका त्याच काळात परतीचा पाऊस येतो. कोवळ्या फुटीवर आणि पोंगा अवस्थेतील (नुकत्याच बाहेर पडणाऱ्या) घडावर दोन दिवसांची ओल राहिली, की केवडा या बुरशीजन्य रोगाचे तेलकट डाग दिसू लागतात. पावसाच्या भीतीने छाटणी नोव्हेंबरपर्यंत ढकलली, तर केवडा टळतो, पण माल मार्चअखेर पिकतो आणि आम्ल गमावतो.

यात मी लवकर छाटणीच्या बाजूने आहे. केवड्यासाठी फवारणी आहे, मार्चच्या उन्हासाठी कोणतीही फवारणी नाही. छाटणीनंतर फूट विरळ ठेवावी, ओळींत हवा खेळती राहील असे पाहावे आणि पाऊस थांबल्यावर पाने वाळण्याची वाट न पाहता दुसऱ्याच सकाळी बागेत फिरून पानाची खालची बाजू उलटून बघावी. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत भुरी हा दुसरा बुरशीजन्य रोग येतो; त्याच्याकडे दुर्लक्ष झाले तर वाइनला कुबट वास लागतो आणि वाइनरी असा माल परत करते.

जमिनीत खड्डा घेऊन पाहणे

बोर्दोची नदी दोन काठांत दोन वाण विभागते. डाव्या काठावरील मेदोकच्या गोट्यांच्या जमिनीतून पाणी झटकन निथळते आणि गोटे दिवसाची ऊब धरून ठेवतात, म्हणून तेथे उशिरा पिकणारा कॅबरने. उजव्या काठावर पोमरोलकडे चिकणमाती थंड व ओली राहते, म्हणून तेथे लवकर पिकणारा मेर्लो. आपल्याला याहूनही जवळचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील कूनवाराचे आहे. तेथे चुनखडकावर पसरलेला तांबड्या मातीचा एक अरुंद, सुमारे 15 किलोमीटर लांबीचा पट्टा आहे आणि त्याच्या बाजूला काळी जमीन आहे. नाव झाले ते तांबड्या पट्ट्यातील कॅबरनेचे, कारण काळ्या जमिनीत वेल पानांनाच अधिक जोर लावते.

मराठवाड्यातील शेतकऱ्याला काळी कसदार जमीन म्हणजे लक्ष्मी वाटते, आणि कापूस-सोयाबीनसाठी ती आहेच. वाइनच्या वेलीला मात्र ती लाडावून ठेवते. म्हणून शेताच्या तीन ठिकाणी, कंबरेइतका खोल खड्डा घ्यावा आणि उन्हात त्याची कड खुरप्याने तासून थर पाहावेत. मी पाहिलेल्या एका खड्ड्यात वर वीतभर काळी माती होती, तिच्याखाली पांढऱ्या चुनखडीचे खडे मिसळलेला पिवळसर थर होता आणि त्याखाली बोटाने चुरगळणारा मऊ मुरूम होता; जुन्या बाभळीची मुळे त्या मुरुमात सरळ उतरलेली दिसत होती. अशी जागा वाइनसाठी उत्तम. याउलट चार फुटांपर्यंत भेगाळणारी काळीच माती लागली, तर तेथे खाण्याचे द्राक्ष किंवा दुसरे पीक घ्यावे. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही ते तुंबलेले दिसले, तर निचऱ्याचा चर काढल्याशिवाय लागवड करू नये. मातीचा आणि पाण्याचा नमुना तपासताना मुक्त चुना, क्षार आणि सोडियम यांचे आकडे आवर्जून मागावेत.

पाणी

अर्जेंटिनातील मेंडोसा हा जवळजवळ वाळवंटी प्रदेश आहे. वर्षाला सुमारे 200 मिलिमीटर पाऊस पडतो आणि अँडीज पर्वताच्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर माल्बेकच्या बागा उभ्या आहेत. आपल्याकडे पाऊस त्याच्या तिप्पट-चौपट पडतो, परंतु मागे बर्फाचा डोंगर नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कडवंचीने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्ष टिकवले. त्या गावाकडून हे शिकण्यासारखे आहे.

हिशेब एप्रिलपासून मांडावा, कारण खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती होते आणि तेव्हाच पाण्याची ओढ असते. आठ बाय चार फुटांवर एकरी 1,361 वेली बसतात. प्रत्येकीला ठिबकने रोज 10 लिटर धरले, तर 75 दिवसांना सुमारे 10 लाख लिटर लागतात. 30 मीटर लांब-रुंद आणि 3 मीटर खोल शेततळ्यात, कडांचा उतार धरून, सुमारे 22 लाख लिटर मावते. परंतु मे महिन्यात तळ्याचे पाणी रोज जवळपास सेंटीमीटरभर उडून जाते आणि एप्रिल ते जूनमध्ये त्यातून सहा लाख लिटरच्या आसपास वजा होतात. म्हणजे 1 एप्रिलला तळ्यात 16 लाख लिटर शिल्लक नसतील, तर एकरभर बागेची जोखीम घेऊ नये. मण्यात पाणी उतरल्यानंतर मात्र पाणी हळूहळू कमी करावे. येथे वेलीला थोडा ताण बसला तर मणी लहान राहतो, सालीचा वाटा वाढतो आणि वाइनला रंग येतो.

खुंट आणि काडी

19व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि अमेरिकी द्राक्षाच्या खुंटावर युरोपी वाणाचे कलम करण्याची रीत तेथून जगभर गेली. आपण खुंट वापरतो तो मुख्यतः दुष्काळ आणि क्षार सोसण्यासाठी. खाण्याच्या द्राक्षाला सर्रास लागणारा डॉगरिज फार जोमदार आहे. वाइनच्या बागेत तो पानांची दाटी करतो. म्हणून 110 आर हा खुंट बरा, आणि पाण्यात थोडे क्षार असतील तर 1103 पॉल्सनचा विचार करावा. खुंटाची लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये, कलम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पुढच्या वर्षाच्या आरंभी रिकट (कलमाची फूट परत छाटणे) आणि त्याच वर्षी ओलांडे (तारेवरच्या आडव्या फांद्या) तयार करून गोडी छाटणी, असा क्रम ठेवावा. त्यामुळे पहिला माल लागवडीनंतर दोन वर्षांनी हाती येतो.

काडी कोणाकडून आणली, याची नोंद व पावती जपून ठेवावी. चिलीमध्ये शेतकरी पिढ्यान् पिढ्या ज्याला मेर्लो समजत होते, त्यातील बराच भाग बोर्दोचा जुना कार्मनेर निघाला. हे 1994 साली झां-मिशेल बूर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने पानांवरून ओळखले. चिलीला त्या चुकीतून नवी ओळख मिळाली. आपल्याला मात्र करारातील वाण न निघाल्यास माल परत मिळेल, म्हणून पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या तज्ज्ञांना मातृवेल दाखवूनच काडी घ्यावी.

सांगाडा आणि घडांची संख्या

मांडवाखाली वाइनचे द्राक्ष घेऊ नये. ओळी दक्षिणोत्तर ठेवून उभ्या तारांवर फुटी सरळ वर बांधाव्यात. घडाजवळची पाने काढायची ती फक्त पूर्वेकडची, म्हणजे सकाळचे ऊन आत शिरते. पश्चिमेकडची पाने राखावीत, नाहीतर फेब्रुवारीच्या दुपारी घडाची एक बाजू तांबूस होऊन भाजते. एका फुटीवर एक किंवा फार तर दोन घड ठेवावेत. फ्रान्सच्या शातोन्यफ-द्यु-पापमध्ये हेक्टरी 35 हेक्टोलिटर (3,500 लिटर) वाइनची कायदेशीर मर्यादा आहे. एकरी हिशेबाने ते सुमारे दोन टन द्राक्ष होते. आपल्या करारांत मर्यादा इतकी कडक नसते, तरी लाल वाणाला एकरी चार टनांच्या आसपास आणि पांढऱ्याला पाच-सहा टनांपर्यंत थांबावे. बारा टनांची सवय असलेल्या हाताला हिरवे घड तोडून जमिनीवर टाकणे जड जाते. माझ्याही आईने पहिल्या वर्षी ते घड पाटीत गोळा करून घरी नेले होते.

काढणी

काढणीपूर्वी पंधरा दिवसांपासून दर तिसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या आत, ओळीच्या दोन्ही बाजूंच्या आणि वेगवेगळ्या वेलींच्या घडांतून शंभर मणी गोळा करावेत, पिशवीत चुरडावेत आणि रस रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजण्याच्या उपकरणावर) पाहावा. पांढऱ्या वाणाला 20 ते 22 आणि लाल वाणाला 23 ते 24 ब्रिक्स ही सर्वसाधारण पातळी; पीएच पांढऱ्यात 3.4च्या आणि लाल वाणात 3.7च्या वर जाऊ देऊ नये. त्याबरोबर चार मणी तोंडात घालावेत. गर गिळून टाकावा, साल दाढेखाली धरावी आणि बी वेगळी चावून पाहावी. बी हिरवट असेल आणि जिभेला दोडक्याच्या देठासारखी तुरट लागली, तर ब्रिक्स कितीही येवो, माल अजून तयार नाही. बी तपकिरी झाली, भाजलेल्या तिळासारखी कुरकुरीत फुटली आणि सालीतून बोटाला जांभळा रंग लागला, की वाइनरीला दूरध्वनी करावा.

तोडणी पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात सुरू करून नऊच्या आत संपवावी. क्रेट अर्धे-पाऊणच भरावेत, म्हणजे खालचे मणी फुटून रस सुटत नाही. आपल्याकडून वाइनऱ्या लांब आहेत. तुळजापूरहून नाशिकला जाणारी गाडी दुपारच्या उन्हात रस्त्यावर राहिली, तर क्रेटमध्येच आंबण्याची क्रिया सुरू होते. म्हणून शीतवाहन ठरवावे, किंवा माल सावलीत ठेवून संध्याकाळी गाडी भरावी आणि रात्रीचा प्रवास करावा. काट्यावर वजन होताना आणि वाइनरीच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स मोजला जाताना स्वतः उभे राहावे आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्यावेत.